खर्जाचे वजन : बेस गिटारच्या ॲम्प्लिफायर हेडची निवड आणि तिचा इतिहास

१

ध्वनिवर्धक आणि ध्वनिक्षेपक हे दोन शब्द आपल्याकडे इतक्या सैलपणे वापरले जातात की त्यांच्यातला भेद सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मंडळाच्या मांडवावरचा कर्णा, सभेतला माईक, लग्नातली 'साऊंड सिस्टिम' या साऱ्यांना परवान्याच्या अर्जापासून वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत यांपैकी कोणताही एक शब्द लावून आपण मोकळे होतो. वस्तुतः वर्धक म्हणजे वाढवणारा आणि क्षेपक म्हणजे फेकणारा. विजेच्या क्षीण संकेताला बळ देणारे यंत्र वेगळे, आणि ते बळ हवेत फेकणारा कागदी शंकू वेगळा. बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या बोलीत हा भेद स्वच्छ जपलेला आहे. त्यांच्या लेखी वर्धक म्हणजे 'हेड' आणि क्षेपकांची पेटी म्हणजे 'कॅबिनेट', थोडक्यात 'कॅब'. पेटीच्या डोक्यावर ठेवायचे म्हणून ते हेड. मात्र या डोक्याला तोंड नसते. बोलायचे काम पेटीने करायचे असते. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण निवडीच्या बहुतेक चुका तिच्या विस्मरणातून होतात.

पुण्यातल्या महाविद्यालयांत हौशी बँड नवे नाहीत. अशा बँडमधल्या बेस वाजवणाऱ्या मुलामुलींना सरावासाठी आणि लहानमोठ्या कार्यक्रमांसाठी परवडेल असे हेड हवे असते, आणि 'कोणते घ्यावे' या प्रश्नाला बहुधा एका आकड्यात उत्तर मिळते : अमुक वॅट. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात का पडावे, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की हा किंमत आणि मूल्य यांच्यातल्या फरकाचा प्रश्न आहे, आणि तो फरक समजून घेणे हे तर आपले नित्याचे काम. वॅटचा आकडा ही किंमत आहे. मूल्य कशात आहे ते ठरवायचे तर हा आकडा कुठून आला, कोणत्या गरजेतून फुगला आणि आज त्याचा अर्थ काय उरला, हे पाहावे लागते. बेस वाजवणारा हा मुळात साथीदार असतो. तेव्हा त्याच्या हेडचा इतिहास म्हणजे साथ ऐकू येण्याचा इतिहास, अशी आमची धारणा आहे.

२

वीज येण्यापूर्वी साथ कशी ऐकू येत असे? गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली स्थापन झाली. तिच्या प्रयोगांत बालगंधर्वांच्या गळ्याला ऑर्गन आणि सारंगी यांची साथ असे. पुढे उस्ताद अहमदजान थिरकवांचा तबला त्या साथीत आला. माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत गाणे पोहोचवायचे ते गळ्याने, आणि त्या गाण्याला जागा करून द्यायची ती साथीदारांच्या हातांनी. तबला किती दाबायचा, सारंगी कुठे मागे घ्यायची, हा निर्णय वाजवण्यातच होत असे. आवाजाचा तोल ही तेव्हा कलावंताच्या संयमाची बाब होती. ती पुढे एका बटणावर आली.

खर्जाचा प्रश्न मात्र तेव्हाही अवघड होता. खालचे स्वर लांब पोहोचवायला मोठी वस्तू लागते, मोठी कंपणारी कातडी किंवा मोठा भोपळा लागतो. पुण्याच्या मिरवणुकीतला ढोल हे त्याचे ढळढळीत उदाहरण. विजेवाचून खर्ज वाढवायचा एकच मार्ग ढोल-पथकांना ठाऊक आहे, तो म्हणजे ढोल वाढवणे. पण कानाचा हिशोब बेरजेचा नसतो. दहा ढोलांचे वीस केले तर आवाज दुप्पट वाटत नाही. फक्त ३ डेसिबलची भर पडते, म्हणजे 'जरा वाढला' एवढेच वाटते. कानाला दुप्पट वाटावा यासाठी साधारण १० डेसिबल लागतात, आणि १० डेसिबल म्हणजे दहाचे शंभर ढोल. वॅटचा हिशोब अगदी हाच आहे. २५० वॅटच्या हेडऐवजी ५०० वॅटचे घेतले तर पदरात ३ डेसिबल पडतात. दुकानातला आकडा दुप्पट होतो, किंमतही पुष्कळ वाढते; कान मात्र तितकासा हलत नाही.

तंबोऱ्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्याची खर्जाची तार आकाराच्या मानाने फार खाली लावलेली असते आणि तिचा मूळ स्वर अशक्त असतो. परंतु घोडीच्या वक्र पृष्ठभागावर जवारी साधली की त्या तारेतून वरच्या स्वरांची एक झळाळी सतत उठत राहते, आणि कान त्या वरच्या स्वरांवरून खालचा षड्ज मनात पुरा करून घेतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिलेल्या निबंधात, अशा घोडीमुळे तारेतून प्रचलित नियमाने उमटू नयेत असेही अंशस्वर उमटतात, हे दाखवून दिले. जमिनीवर बसून, एका बोटाने छेडून, कुणालाही न दडपता सगळ्या मैफलीला आधार देणारा हा खर्ज आहे. बेस गिटारच्या हेडकडून काय मागावे याचे उत्तर आमच्या मते मिरजेच्या तंबोऱ्यात बरेचसे मिळते. त्याकडे पुढे येऊच.

३

अमेरिकेतल्या नृत्यवाद्यवृंदांत खर्जाचे काम डबल बेस करी. हे माणसापेक्षा उंच वाद्य तुतारी आणि ढोलांच्या गदारोळात हरवून जात असे. न्यू यॉर्क परिसरातले एव्हरेट हल हे डबल बेसचे वादक. त्यांनी १९४० च्या दशकात वाद्याच्या तळातल्या खुंटीत, म्हणजे 'पेग'मध्ये, एक माईक बसवला आणि त्याच्यासाठी ध्वनिवर्धक तयार केला. 'ॲम्प्लिफाइड पेग'चे संक्षिप्त रूप 'ॲम्पेग', आणि तेच पुढे त्यांच्या कंपनीचे नाव झाले. हल यांना आवाज चिरफाळलेला मुळीच खपत नसे. रॉक अँड रोलविषयी त्यांना नावडच होती. साथ स्वच्छ ऐकू यावी, एवढीच त्यांची मागणी होती. बेस ॲम्प्लिफायरचा उगम असा एका साथीदाराच्या गरजेत आहे.

१९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, पडद्यांमुळे सूर नेमका लागणारा हा बेस विजेशिवाय जवळजवळ मुकाच होता, म्हणून पाठोपाठ १९५२ मध्ये त्याच्यासाठी 'बेसमन' हा ॲम्प्लिफायर आला. पहिला बेसमन पंचवीस-तीस वॅटच्या आतला, एका १५ इंची स्पीकरचा होता. पुढच्या नियतीत मोठा उपरोध आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चार १० इंची स्पीकरांचा बेसमन गिटारवाल्यांनीच उचलला, आणि १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांनी त्याच्याच आराखड्यावरून आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला. साथीसाठी केलेले यंत्र मुख्य गायकाच्या शेजारच्या गिटारने पळवले, आणि साथीदार पुन्हा ऐकू येईनासा झाला.

तेव्हा वॅटची शर्यत सुरू झाली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजले तेव्हा पन्नास हजारांवर श्रोते होते आणि बँडजवळ व्हॉक्सचे १०० वॅटचे ॲम्प्लिफायर. त्या किंकाळ्यांत काय ऐकू आले असेल, याची कल्पना करावी. १९६९ साली ॲम्पेगने, हल कंपनीतून बाहेर पडल्यानंतर, 'एसव्हीटी' हे हेड काढले. ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, आणि नुसत्या हेडचे वजन सुमारे ४० किलो. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात ते प्रथम गाजले. बेस वाजवणाऱ्यांच्या कल्पनेत 'खरे हेड' म्हणून जे चित्र आजही उभे राहते, ते याच यंत्राचे. पण ते ज्या परिस्थितीतून जन्मले ती पाहिली पाहिजे. त्या काळी सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून मुख्यतः गळाच जाई. बेसला प्रेक्षकांपर्यंत पोहोचायचे तर स्वतःच्या पेट्यांच्या बळावर. पुढल्या दशकात प्रत्येक वाद्य मिक्सरमधून मोठ्या यंत्रणेत जाऊ लागले आणि ३०० वॅटच्या हेडचे मूळ प्रयोजन संपले. प्रयोजन संपले तरी आकडा राहिला, प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून. वाङ्मयाच्या इतिहासात असे पुष्कळ अलंकार वाचकांना आठवतील.

४

आपल्याकडे काय चालले होते? पुण्यातच शिक्षण घेतलेल्या सी. रामचंद्र यांचा 'अलबेला' १९५१ चा, म्हणजे प्रिसिजन बेसच्याच वर्षाचा. हॉटेलांतल्या जॅझ बँडमधले गोमंतकीय वादक तोवर मुंबईच्या चित्रपटसंगीतात स्थिरावले होते आणि त्यांच्याबरोबर पाश्चात्त्य वाद्येही. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार हे त्या गाण्यांचे एक अंगच बनले. ती गाणी तोंडपाठ असलेल्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असते? साथीदाराच्या वाट्याला येणारी ही अनामिकता केवळ श्रेयनामावलीतली नाही; ती कानातलीही आहे. बेस बंद झाला की काहीतरी गेले एवढेच कळते, काय गेले ते सांगता येत नाही.

चित्रपटगीतांच्या 'ऑर्केस्ट्रां'नी ही वाद्ये पुण्याच्या रंगमंचावर आणली. १९६८ साली उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात नाटकांच्या जोडीने असे कार्यक्रमही होत आले. ज्यांनी माईकवाचून नाट्यगृहे भरली त्यांच्या नावाच्या वास्तूत विजेवरचा खर्ज घुमावा, याला उपरोध म्हणण्यापेक्षा आम्ही सातत्य म्हणू. दोन्हीकडे प्रश्न गाण्याला आधार देण्याचाच होता. लष्कर भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांत, क्लबांत आणि लग्नसमारंभांत वाजणाऱ्या बँडांचा प्रवाह वेगळा, पण अडचण सगळ्यांची एकच होती. परवाने आणि जबर आयातशुल्क यांच्या त्या काळात परदेशी हेड ही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. मग सभेसाठी बनवलेला देशी ॲम्प्लिफायर बेसला जोडायचा, किंवा एखाद्या कसबी कारागिराकडून बांधून घ्यायचा. पुण्यात सुट्या भागांसाठी बुधवार पेठ आणि तपकीर गल्ली ही ठिकाणे होती आणि आहेत.

सभेच्या यंत्रणेची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९४० साली दिल्लीत सुरू झालेल्या अहुजांचे ॲम्प्लिफायर देशभरच्या मांडवांत दिसू लागले, पण त्यांना जोडलेला कर्णा खर्ज देऊच शकत नाही. कर्ण्याचे तोंड जितके लहान तितके खालचे स्वर त्याच्यातून गळतात. म्हणून कर्ण्यावरची गाणी आठवली की आठवतो तो धारदार गळा, ठेक्याचा वरचा भाग. खालचा आधार नाही. दोनतीन पिढ्यांनी बेसवाचूनच गाणी ऐकली म्हणावे लागेल. नंतर टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिम घरोघर आल्या तेव्हा त्यांच्यावर 'पीएमपीओ' नावाचे हजार-हजार वॅटचे आकडे छापलेले असत. हे आकडे क्षणमात्र, कोणत्याही ठरलेल्या मापावाचून काढलेल्या शिखराचे होते. त्या यंत्रांतून सलग मिळणारी शक्ती बहुधा काही मोजक्या वॅटचीच असे. वॅट या शब्दाचा आपल्याकडे जो विश्वासघात झाला तो तेव्हापासून. आजही हेडच्या माहितीपत्रकात सलग शक्ती, म्हणजे 'आरएमएस', आणि शिखर-शक्ती यांपैकी काय छापले आहे, हे प्रथम पाहावे.

५

आता कानाकडे वळू. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसाचा कान वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांना किती दाद देतो, याचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांतून निघालेली गोष्ट अशी की खालच्या स्वरांना कान मंद असतो. १००० हर्ट्झचा स्वर शून्य डेसिबलच्या आसपासच ऐकू येऊ लागतो. ४० हर्ट्झचा स्वर नुसता जाणवायलाच सुमारे ५० डेसिबल लागतात. बेस गिटारची सर्वांत खालची उघडी तार ४१ हर्ट्झची असते. गिटारवाला ५० वॅटमध्ये खूश असतो आणि बेसवाल्याला त्याच्या कितीतरी पट लागतात, याचे मूळ इथे आहे.

याच आलेखांवरून ध्वनिमापकात 'ए' नावाची मोजपट्टी आली, आणि भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतल्या मर्यादा याच पट्टीत आहेत : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ही पट्टी ४० हर्ट्झच्या स्वरातून जवळजवळ ३५ डेसिबल वजा करते. म्हणजे जो खर्ज शेजारच्या खिडक्यांची तावदाने थरथरवतो तो कायद्याच्या कानाला फारसा ऐकू येत नाही. बेस वाजवणाऱ्याने यात सूट शोधू नये. भिंती तर खर्जालाच सर्वांत कमी अडवतात. मापकाने माफ केले तरी वरच्या मजल्यावरच्या आजी माफ करीत नाहीत.

'डॉल्बी' या मराठी शब्दाची कहाणीही इथेच सांगण्याजोगी आहे. १९६५ मध्ये रे डॉल्बी यांनी लंडनमध्ये जी कंपनी काढली तिचे पहिले काम टेपवरची खरखर कमी करण्याचे होते. आपल्या मिरवणुकांत मात्र हेच नाव १८ इंची स्पीकरांच्या भिंतींना चिकटले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीतल्या डीजे आणि डॉल्बी यंत्रणांवरची बंदी उठवण्यास नकार दिला, तेव्हा गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव गोंगाटाचा पर्याय म्हणून बातम्यांत छापले गेले. खर्जाची बदनामी झाली ती अशी. साथ करणारा खर्ज आणि दडपणारा खर्ज यांच्यात लोकांनी भेद करावा, अशी अपेक्षा ठेवायची तर बेस वाजवणाऱ्यानेही तो करायला हवा. हेड निवडताना खरी परीक्षा होते ती याच ठिकाणी.

६

एवढा इतिहास ध्यानात घेतला की निवडीचे निकष बऱ्यापैकी आपोआप जुळतात.

पहिला निकष जागेचा. १० फूट रुंद आणि १२ फूट लांब अशी सरावाची खोली घेऊ. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी आठ मीटरहून अधिक; ती या खोलीत मावतच नाही. उलट १० फुटी भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर घुमतो, आणि बेसची उघडी 'ए' तार ५५ हर्ट्झची आहे. म्हणून अशा खोलीत एक स्वर अंगावर येतो आणि दुसरा नाहीसा होतो. यात दोष हेडचा नसतो. अशा वेळी वादक बेसचे बटण फिरवतो. पण खालचा पट्टा १० डेसिबलने वाढवणे म्हणजे त्या पट्ट्यात हेडकडे दहापट वॅट मागणे. त्यापेक्षा तंबोऱ्याची युक्ती करावी. मूळ स्वराऐवजी त्याचे वरचे अंश उजळावेत, म्हणजे साधारण २०० ते ८०० हर्ट्झचा मधला पट्टा थोडा वाढवावा. कान खालचा स्वर स्वतः पुरा करतो आणि ड्रमच्या गदारोळातही बेस कळतो. तेव्हा हेड घेताना मधल्या पट्ट्यावर चांगले नियंत्रण आहे का, हे वॅटच्या आधी पाहावे. शक्य असेल तर तो पट्टा कुठला हे निवडता येणारे बटण असावे.

दुसरा निकष तोंडाचा, म्हणजे कॅबिनेटचा. एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल देणाऱ्या पेटीऐवजी १०० डेसिबल देणारी पेटी घेतली तर तेच हेड दुप्पट वॅटचे असल्यासारखे बोलते. मोजके पैसे असतील तर हेडवर थोडे कमी आणि पेटीवर थोडे अधिक खर्चावेत, हा सल्ला आम्ही निःशंकपणे देतो. यालाच लागून ओहमचा हिशोब येतो. हेडवरची '५०० वॅट' ही शक्ती बहुधा ४ ओहमच्या भाराला असते. ८ ओहमची एकच पेटी जोडली तर तिच्यातली अर्धी किंवा थोडी अधिकच हाती लागते. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार ४ ओहम होतो. हेडवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली मात्र कधीही जाऊ नये. व्हॉल्व्हचे हेड असेल तर त्याचा भार नेमका जुळवावा, आणि पेटी जोडल्याविना ते कधी वाजवू नये.

तिसरा निकष कार्यक्रमांचा. २०१० च्या डिसेंबरात कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर हा उत्सव प्रथम झाला. असल्या मोठ्या मंचांवर ॲम्प्लिफायर आयोजकच पुरवतात, त्याला 'बॅकलाइन' म्हणतात, आणि प्रेक्षकांपर्यंतचा बेस मिक्सरमधून जातो. म्हणजे मोठ्या कार्यक्रमासाठी मोठे हेड हवे हा समज उलटा आहे. आपले हेड लागते ते उपाहारगृहातल्या कोपऱ्यात, महाविद्यालयाच्या सभागृहात आणि सरावाला. तिथे ध्वनियंत्रणा असली तर हेडला 'डीआय'चा स्वच्छ मार्ग हवा आणि तो स्वरबदलांच्या आधीचा की नंतरचा हे निवडायची सोय हवी. नसली तर एक ड्रम आणि एक गिटार यांच्या सोबतीला सलग दोनशे-तीनशे वॅट आणि चांगली पेटी आमच्या मते पुरते. अर्थात हा अंदाज ड्रम वाजवणाऱ्याचा हात बेताचा आहे असे धरून केलेला आहे. सदनिकेत राहणाऱ्यांनी हेडफोनची जागाही पाहून घ्यावी. ज्या हेडवर ती नाही ते रात्री दहानंतर निरुपयोगी.

चौथा निकष वजनाचा आणि दुरुस्तीचा. हे दोन परस्परविरोधी आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून 'क्लास डी' पद्धतीचे वर्धक आणि जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाचून चालणारे वीजपुरवठे प्रगल्भ होत गेले. इटलीच्या मार्कबेससारख्यांनी सुमारे ३ किलोंत ५०० वॅट बसवले. २०१७ मध्ये ट्रेस इलियटचे 'एल्फ' आले, २०० वॅट आणि वजन एका किलोच्याही आत. एसव्हीटीचे ४० किलो टेम्पोतून जात. हे हेड दुचाकीवर पाठीवरच्या पिशवीत जाते. पुण्याच्या दृष्टीने याचा एक परिणाम असा की हेड अमेरिकेतल्या आत्याच्या किंवा दादाच्या सामानातून येऊ लागले. इथे सावध असावे. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. यंत्राच्या पाठीवर दोन्ही दाब लिहिले असतील तर ठीक. निव्वळ १२० लिहिले असेल तर थेट जोडताच ते जळेल, आणि व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर वाचवलेले वजन पुन्हा खांद्यावर येते.

दुरुस्तीचे पारडे मात्र जुन्याकडे झुकते. जुन्या ट्रान्झिस्टर हेडचे सुटे भाग मोठे, हाताने काढता-बसवता येण्याजोगे. जाणता कारागीर ते पेठेतल्या दुकानात उभे करतो. क्लास डी हेडमध्ये बहुधा सगळा फलकच बदलावा लागतो आणि तो देशात मिळेलच असे नाही. म्हणून नवे हलके हेड घ्यायचे तर ज्याची दुरुस्ती इथे होते अशा बनावटीचे, पावतीसह घ्यावे; आणि पैसे कमी असतील तर चांगल्या स्थितीतले जुने, जड हेड हा मुळीच कमीपणाचा पर्याय मानू नये. जुने घेताना अर्धा तास सलग वाजवून पाहावे, बटणे फिरवताना खरखर होते का ऐकावे, आणि डीआयमधून स्वर जातो का ते तपासावे. नुकती सुरुवात करणाऱ्याने हेडच्या भानगडीत न पडता हेड आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला 'कॉम्बो' घेतला तरी चालेल. त्यात देशी पर्यायही आहेत.

७

वरील निकषांपैकी एकही जास्तीत जास्त आवाजाचा नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ते आम्ही हेतुपुरस्सर केले आहे. एव्हरेट हल यांना स्वच्छ ऐकू येणे हवे होते. वॅटची शर्यत नंतर आली, आणि तिचे कारण त्या काळाची अपुरी ध्वनियंत्रणा हे होते. ते कारण गेले. आज चांगले हेड परवडण्याजोग्या किमतीत मिळू शकते, ते एका खांद्यावर मावते, आणि त्याच्यापाशी गरजेहून अधिक ताकद असते. ताकद सर्वांच्या आवाक्यात आल्यावर मोल उरते ते ती किती वापरायची या निर्णयाला. थिरकवांच्या हाताला जे माहीत होते ते हेडच्या बटणाला माहीत नसते. ते वाजवणाऱ्याला शिकावे लागते, आणि त्यासाठी दुकानात पैसे मोजून भागत नाही.

ज्या विद्यार्थ्याला हेड घ्यायचे आहे त्याने म्हणून एक साधी गोष्ट करावी. आपल्या बँडला सोबत घेऊन दुकानात जावे, निदान गिटार वाजवणाऱ्याला तरी. स्वतः वाजवताना आवाज दुसऱ्याला ऐकायला सांगावा आणि प्रश्न एवढाच विचारावा : मी वाजवतो आहे तेव्हा तुला तुझे गाणे नीट ऐकू येते का? उत्तर होय असेल, आणि आपण थांबल्यावर त्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटत असेल, तर ते हेड घ्यायला हरकत नाही. मग त्यावरचा आकडा कितीही लहान असो.